गौरीचा रिपोर्ट खरा होता

मी फौजेत, सिग्नलमध्ये रेडिओ ऑपरेटर होतो. सात वर्षं सेवा झाली. शेवटचं पोस्टिंग उत्तर सिक्कीममध्ये, चौदा हजार फुटांवर. रोज ०६०० आणि १८०० वाजता वरच्या पोस्टचा रिपोर्ट घ्यायचा आणि खाली कळवायचा. आमच्या सुबेदार साहेबांचा नियम होता, वाईट बातमी आधी, बाकीचं नंतर. माणूस आजारी असेल तर आजारीच सांगायचं. खोटा 'ऑल ओके' देणाऱ्याला सजा होते. मी होताना पाहिली आहे.

रविवारी ११०० वाजता घरी फोन. घर म्हणजे सेनगाव तालुक्यातलं आमचं गाव. आई लवकर गेली. मला वाढवलं मोठ्या बहिणीनं, सुनंदाताईनं. तिचं सासर गावातच, दोन गल्ल्या सोडून. आठ महिने प्रत्येक रविवारी वडील, म्हणजे आमचे आबा, एकच सांगत होते, सगळं बराबर हाय. एकदा ताईचा आवाज बसलेला वाटला. ती म्हणाली, हळद शिजवून राहिले, धूर लागला. वर मलाच टोमणा, बर्फात बसून तुला सगळे आजारीच दिसून राहिले का रे? मी हसलो. आवाज ओळखणं हे माझं काम होतं, तरी हसलो.

मग एका रविवारी वसमतच्या अनोळखी नंबरवरून फोन आला. ताईची एकुलती लेक गौरी, वय नऊ. तिला चुलत्याकडे ठेवलं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

"मामा, आई नांदेडला दवाखान्यात हाय. तिला ब्लड कॅन्सर हाय. मला कुणी नेऊन न्हाई राहिलं."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई. काकू फोनवर बोलत व्हती, मी दाराआड व्हते. तू ये अन् मला ने."

कोण, कुठं, काय झालं, काय पाहिजे. आठ महिन्यांत घरून आलेला हा पहिला खरा रिपोर्ट. मी तिला शब्द दिला, येतो आणि नेतो.

सुबेदार साहेबांनी तासाभरात रजा मंजूर करून आणली. चौथ्या दिवशी ०९०० वाजता मी नांदेडच्या हॉस्पिटलात होतो. ताई ऑक्सिजनवर होती. डोक्यावर एक केस नव्हता. डॉक्टरांनी मला पाहिलं आणि विचारलं, तुम्ही सख्खे भाऊ? मग इतके दिवस कुठं होता?

त्यांनी सहा महिन्यांपूर्वीच घरच्यांना सांगितलं होतं. बोन मॅरो बदलावा लागेल, भावाचा जुळण्याची आशा जास्त, त्याला तपासणीला बोलवा. जुळलाच असता असं मी म्हणत नाही. पण तपासणीला एक नळी रक्त लागतं. ते माझ्याकडे कुणी मागितलंच नाही. आता इन्फेक्शन फुफ्फुसात गेलं होतं, वेळ संपली होती.

बाहेर बाकावर आबा आणि दाजी बसले होते. मी विचारलं, काहून सांगितलं नाही?

आबा खाली बघत म्हणाले, "हाडातला मगज काढला की गडी कमजोर व्हतो. तुला मेडिकलच्या खालच्या कॅटेगरीत टाकलं असतं, नोकरी गेली असती. तिनंच शपथ घातली, दत्ताला कळू द्यायचं न्हाई."

नंतर मी आमच्या युनिटच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, थोडी विश्रांती, मग पुन्हा ड्यूटी. म्हणजे एक प्रश्न कुणी विचारला असता तर उत्तर मिळालं असतं. माझी नोकरी वाचवायला घरानं माझी बहीण पणाला लावली, आणि याला आमच्याकडे माया म्हणतात. मी याला दगा म्हणतो. दगा करणारे सगळे रडत होते, म्हणून तो कमी होत नाही.

त्याच दिवशी दुपारी ताई शुद्धीवर आली. एवढंच म्हणाली, "गौरीला आण."

आबा आडवे आले. लेकरू भिईल, आईला असं बघून जन्मभर धसका घेईल, थोडा उतार पडू दे. दाजींनी हात जोडले. १६०० वाजता वसमतहून गौरीचा फोन आला.

"मामा, आई कशी हाय?"

आता माझा भाग नीट वाचा. मी तोवरच्या सेवेत एक खोटा रिपोर्ट दिला नव्हता. मी म्हणालो, "बरी हाय. परवा नेतो तुला." तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ०६३० वाजता ताईनं विचारलं, "आली का?" मी कुणाला न विचारता दाजींची मोटारसायकल काढली. वसमतला पोचलो तेव्हा गौरी शाळेत गेली होती. बाईंना सांगून तिला वर्गातून घेतलं. परत निघून नांदेड जवळ आलं, तेव्हा ०९४० वाजता दाजींचा फोन आला. ताई गेली होती.

गाडी रस्त्याकडेला लावली. देवाघरी गेली असं म्हणालो नाही. आई मेली, असं सांगितलं.

गौरी म्हणाली, "काल तुला माहीत व्हतं?"

"व्हय."

"मी तुला खरं सांगितलं व्हतं."

मी गाडी सुरू केली. हॉस्पिटलात बायका तिला बाहेरच बसवायला लागल्या. मी तिला आत नेलं आणि चेहऱ्यावरची चादर स्वतः काढली. ती भ्यायली नाही. आईच्या डोक्यावरून दोनदा हात फिरवला.

वर्षभरानं मी घरगुती कारण लिहून फौजेतून डिस्चार्ज घेतला. आता गावातले आम्ही चौघं जण सेनगाव, औंढा, वसमतच्या गावांत पत्रकं वाटतो, पारावर बोलतो. घरात मोठा आजार आला की लेकराला त्याच दिवशी, त्याला कळेल अशा शब्दांत सांगा. दूर असलेल्या माणसाला सांगा. आजारी माणसाला भेटू द्या. तुमच्या रडण्याला लेकरू भीत नाही, बंद दाराला भितं. लोक म्हणतात, फौजी कडक बोलतो. बोलणारच.

युनिटमध्ये शहीद जवानांची नावं उभं राहून घेतात. पारावर मी आधी तसं एक नाव घेतो. सुनंदा, वय तेहेतीस, ब्लड कॅन्सर, नांदेड, सकाळी साडेनऊ. लेकीची वाट बघताना गेली.

गौरी आता बारा वर्षांची आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते. हे छापायच्या आधी तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, लिहू का?

"लिही," ती म्हणाली. "पण हे बी लिही, जिती असताना नेलं असतं, तर केस नसले तरी मी आईला ओळखलं असतं."