मुसुबी आणि तळेगावचे रविवार

शनिवार, २१ मे २००५, सनीव्हेल. आजचं काम : तीस मुसुबी.

मुसुबी हा हवाई बेटांवरचा खाऊ. भाताची चौकोनी वडी, तिच्यावर डब्यातल्या डुकराच्या मांसाचा परतलेला काप आणि भोवती वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पट्टा. माझी मुलगी मुग्धा शाळेच्या स्विमिंग टीममध्ये आहे. टीमच्या स्नॅक-सेलसाठी तिने मला न विचारता हे कबूल करून टाकलं. "मॉम, इट्स बेसिकली राइस," म्हणाली. आमच्या घरात तोवर अंडंही शिजलेलं नव्हतं. पण कबूल केलं ते केलं. मी रबरी हातमोजे आणि एक स्वस्तातला तवा आणला. सहा महिन्यांसाठी इथे आलेली आई भजनाला गेली की सगळं उरकायचं, असं ठरवलं.

आठ वर्षांपूर्वी आम्ही देश सोडला तेव्हा विमानतळावर बाकीच्यांचे आईवडील "पोचल्यावर फोन करा" म्हणत होते. माझे बाबा म्हणाले, "काहीही करा, पण स्वयंपाकघर बाटवू नका." आई त्यांच्या मागे उभी राहून बॅगांचे पट्टे ओढून बघत होती. इकडे आलेल्या प्रत्येकाने असं एखादं वाक्य सामानाबरोबर आणलेलं असतं. मी माझं पाळलं. ऑफिसच्या पार्टीत सॅलडच्या बशीवर दोन-दोन तास काढले.

ते वाक्य खरं तर दादाला उद्देशून होतं. दिलीपदादाने वसईच्या रोझीशी लग्न केलं. तिच्या घरी रोज मासळी, आणि दादाही आवडीने खाऊ लागला. "मासळीच्या तोंडानं माझ्या घरचं पाणी प्यायचं नाही," असं सांगून बाबांनी त्याला दार बंद केलं. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा दादा अंगणात उभा राहिला आणि पाणी न पिताच परत गेला.

आता जूनमध्ये आईला परतायचं होतं, ते तळेगावच्या घरात, एकटीने. इथे येण्याआधी ती तिथे न्हाणीघरात घसरून पडली होती आणि दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होती. दादा फोनवर म्हणायचा, "तिला माझ्याकडे पाठव. खोली तयार आहे. वेगळी भांडी घेतो, वेगळी शेगडी लावतो. रोझी म्हणते, घरात मासळीच नको आणायला." आईचं एकच उत्तर, "त्याच्याकडे मी राहणार नाही." मासळीमुळे, असं आम्ही सगळे समजून चाललो होतो. तिनेही तो समज कधी खोडून काढला नाही.

तर, मुसुबी. हाताला सवय ती सवय. तांदूळ पाणी नितळ होईपर्यंत धुतले, भिजवले, शिजताना चमचाभर तेल घातलं आणि लिंबू पिळलं. भात झाला तोही आमच्या घराण्याला शोभेलसा, शीत न् शीत मोकळं. मांसाच्या रिकाम्या केलेल्या डब्यात तो दाबून भरला आणि उपडा केला. ढासळला. पुन्हा दाबला, पुन्हा ढासळला.

"मॉम, धिस इज पुलाव," मुग्धा म्हणाली.

"गप्प बस आणि शेवाळ काप."

दुसऱ्या डब्यातलं मांस मी चमच्याने अक्षरशः उकरून काढलं होतं. तवा तापत ठेवला, तेलाची बाटली उचलली आणि दार उघडलं. आई. भजनवाल्या काकूंना ताप आला म्हणून त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं होतं. तिला ओट्यावर डबा दिसला, त्याच्यावरचं चित्र दिसलं, कापायच्या फळीवरचा तो गुलाबी लगदा दिसला. आता ही तडक आंघोळीला जाणार, असं मी धरून चालले.

आईने चपला काढल्या, पिशवी खुर्चीला अडकवली आणि म्हणाली, "तेल कशाला घालतेस? त्याचं त्यालाच सुटतं."

मी बाटली खाली ठेवली.

"व्हॉट डिड आजी से?" मुग्धाने विचारलं.

आई ओट्याशी आली. "डबा आधी गरम पाण्यात धरायचा, म्हणजे आख्खं निघतं. आणि हा भात काय उपयोगाचा? दुसरा लाव. तेल नको, पाणी जास्त. गरम असतानाच घोट." मग तिने सुरी घेतली आणि तिसऱ्या डब्यातल्या मांसाचे एकसारखे काप केले. सत्तरीची बाई. सरावाचा हात.

"आई, तुला हे कसं येतं?"

"तुझ्या बाबांना करून घालायचे."

बाबा लष्कराच्या डेपोत कारकून होते. बासष्टच्या युद्धाच्या वर्षी त्यांना पूर्वेकडे पाठवलं, तिथे डब्यातल्या मांसाची चटक लागली. परत आल्यावर एक मित्र कँटीनमधून डबे आणून द्यायचा. "रविवारी तुम्ही दोघं चिंचवडला मावशीकडे गेलात की मी मागच्या दारी स्टोव्ह पेटवायचे. वास झाकायला मिरच्यांचा ठसका उठवायचे. शेजारीण म्हणायची, काय बाई, रविवारी तुमच्याकडे अगदी झणझणीत!"

मावशीची गोडी लागावी म्हणून आम्हाला पाठवतात, असं मला पन्नाशी गाठेपर्यंत वाटत होतं.

"तू खाल्लंस?"

"छे. वास बरा यायचा."

मी खुर्ची ओढून बसले. एकच प्रश्न उरला होता. "दादाला दार बंद केलं तेव्हा?"

आई काप उलटत होती. "तेव्हाही एक डबा होता माळ्यावर. रव्याच्या डब्यामागे."

तव्यावर चरचर चालू होती. मी खुर्चीवरून उठले.

"मग त्याच्याकडे का जात नाहीस?"

"कुठल्या तोंडानं जाऊ? तो माझ्यापायी घरातली मासळी बंद करणार. आणि मी सोवळी म्हणून त्याच्या पाटावर बसू?" तिने गॅस बारीक केला. "तेव्हा एक शब्द बोलले असते तर पोरगं घरात राहिलं असतं."

आईने नंतर साबण लावून हात धुतले आणि रोजच्यासारखा देवापुढे दिवा लावला. मुग्धा मुसुबी घेऊन गेली आणि रिकामा ट्रे घेऊन आली. आठ वर्षं या अपार्टमेंटमध्ये मी तळेगावचं घर जसंच्या तसं चालवत होते, आणि तसं घर तळेगावला कधी नव्हतंच. दादाचं घर मात्र होतं, वसईला, उघड्या दाराचं. आईची खोलीही तयार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी दादाला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. "आईला काही सांगायचंय तुला," म्हटलं आणि फोन तिच्या हातात दिला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी लाँड्रीची टोपली उचलली. दार ओढून घेताना तिचा आवाज ऐकू आला, "दिलीप, आधी रोझीला दे."