पिंपळगव्हाणकरमधला नुसता 'कर'

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या कॅरीकर मंडळी, आज लंचला स्वतःच्याच हाताने थोबाडीत मारून घेतली.

माझ्या मॅनेजरचं आडनाव हॅगलथ्वेट. फार दुर्मिळ म्हणे. ते कुठे कुठे सापडतं याचा नकाशा त्याने एका वेबसाइटवर दाखवला. उत्तर इंग्लंडमध्ये एका खेड्याभोवती चार ठिपके. "हे आमचं गाव, त्यावरूनच आडनाव!" कधीही न पाहिलेलं गाव पठ्ठ्या झूम करकरून दाखवत होता.

मग म्हणाला, "आता तुझं बघू." आणि टाइप केलं, कर.

मी मूळचा पिंपळगव्हाणकर. पण ऑफिसात कुणाला म्हणता येत नाही म्हणून सिटिझनशिप घेताना मीच 'कर' ठेवून बाकी सगळं उडवलं. हॅगलथ्वेट मात्र मी पहिल्याच दिवशी घोकून पाठ केलं होतं!

स्क्रीनवर ठिपके उगवले ते सगळे बंगाल आणि ओडिशात; तिकडे नुसतं 'कर' हेच अख्खं आडनाव असतं. महाराष्ट्र कोरा.

"सो यू आर बेंगॉली!" तो जाम खूश.

खरं काय ते सांगायला गावाचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि त्याला ते म्हणता आलं नसतं. मी 'येस' म्हणून मोकळा झालो.

यार, 'कर'च्या आधी गाव लागतं. मी नेमकं तेच छाटलं. तुम्ही काय छाटलंत?