घालून पाहिलेलं नाव

माझी वहिनी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघते. आधी पाय. दारात गिऱ्हाईक उभं असो, वीजबिलवाला असो की चुकून शिरलेला कोणी असो, तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "पाय दाखवा." एकदा बँकेचे एक साहेब नुसता पत्ता विचारायला आले होते. त्यांनीही मुकाट्याने बूट काढले, मोजे काढले आणि स्टुलावर बसले. उठताना मात्र म्हणाले, "बाई, हा अंगठा खरंच दुखत होता हो." पुढच्या महिन्यात येऊन जोडा करून घेऊन गेले.

वहिनी जोडे शिवते, पण ज्यांचे दोन्ही पाय एकसारखे आहेत त्यांचे नाही. त्यांच्यासाठी बाजार पडलाय. कोणाचा एक पाय आखूड, कोणाची टाच वाकडी, कोणाची बोटं यंत्रात गेलेली, अशी माणसं तिच्याकडे येतात. हे काम ती सासऱ्यांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून शिकली. माझा थोरला भाऊ, तिचा नवरा, तळ कापतो आणि प्रत्येक गोष्टीवर मत देतो. मी गल्ल्यावर बसते आणि भांडते. चामडेवाल्याशी, कुरिअरवाल्याशी, वेळ पडली तर दादाशी. एका घरात दोन गरीब गाई कशाला हव्यात? वहिनी एकटी पुरेशी आहे.

तिची एक पद्धत आहे. पक्का जोडा ती एकदम शिवत नाही. आधी स्वस्त चामड्याचा, लांब टाक्यांचा कच्चा जोडा करते आणि गिऱ्हाइकाला घालून पाठवून देते. "घरात घाला, जिने चढा, बाजारात जा. मग या." माणूस परत आला की तो काय सांगतो ते ती ऐकतच नाही. जोडा कुठे घासला, कुठे फुगला, ते बघते आणि त्यावरून पक्का करते. लोकांना भीड असते, ती म्हणते, ते दुखत असलं तरी छान आहे म्हणतात.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि रस्ता रुंद करायचा हुकूम आला. आमची इमारत पडणार होती. नवी जागा मिळाली ती पार शहराच्या टोकाला, टायरच्या गोदामामागची खोली. तिथे चुकूनही कोणी शिरणार नाही. बरं, गिऱ्हाइकांना कळवायचं तर कसं? तेव्हा आमच्या घराण्याचं शहाणपण उघडं पडलं. भिंतभर लाकडी साचे टांगलेले, एकेका पायाचा एकेक. वहिनी डोळे मिटून नुसता हात फिरवून सांगेल, हा बस कंडक्टरचा उजवा, ही गाण्याच्या बाईंची टाच. पण त्यातल्या एकाचाही फोन नंबर आमच्याकडे नव्हता. कधी लागलाच नाही. जोडा झिजला की माणूस आपोआप यायचा, आणि आमचा जोडा झिजायला वर्षं लागतात. आता झिजेल तेव्हा तो येणार कुठे? रस्त्यावर?

त्यातच बुटांच्या कारखान्याच्या सुपरवायझरचा निरोप आला. वहिनीच्या हाताची कीर्ती त्याच्या कानावर होती. जागा रिकामी आहे, दुकान हलवल्यावरही तीन महिने थांबतो, म्हणाला. दिवसभर एकाच मापाच्या बुटाला एकच शिवण घालायची. "वाईट काय आहे त्यात?" वहिनी म्हणाली, पण त्या दिवशी ती जेवली नाही. मी पाहिलं ना. मला इतका राग आला की मी भांडी आपटली. रागावू तरी कोणावर, रस्त्यावर?

भाची, म्हणजे दादा-वहिनीची मुलगी, वेबसाइट करणाऱ्या ऑफिसात कामाला आहे. ती म्हणाली, "आपण आपली साइट काढू. जागा कुठेही असू दे, नाव टाकलं की लोकांना पत्ता मिळेल, फोन मिळेल. पण नाव नीट निवडायला हवं. आपली माणसं एकमेकांना तोंडी सांगतात. दवाखान्याच्या बाकावर कोणी कोणाला सांगितलं, तर घरी जाईपर्यंत डोक्यात राहायला हवं. छोटं हवं, आकडे नकोत, मध्ये रेघा नकोत."

झालं. घरात बारसं असल्यासारखा गोंधळ. दादाला आमच्या वडिलांचं, म्हणजे भाचीच्या आजोबांचं, पूर्ण नाव हवं होतं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, वर 'आणि मंडळी'. भाची म्हणाली, "बाबा, एवढं टाकेपर्यंत जोडा झिजेल." मी म्हटलं, आपल्या गल्लीचं नाव घाला, सगळ्यांना माहीत आहे. भाचीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. "आत्या, गल्ली सोडतोय म्हणूनच चाललंय ना हे?" मी चहा करायला उठले. तिने स्वतः दोन नावं आणली, 'सुखद पाऊल' आणि 'परफेक्ट स्टेप'. तिच्या ऑफिसात म्हणे टाळ्या पडल्या होत्या.

वहिनी इतका वेळ दोरा मेणात ओढत होती. म्हणाली, "घालून बघू."

"काय घालून बघू?"

"नावं. इथून निघायला अजून वेळ आहे. जो कच्चा जोडा घेऊन जाईल, त्याला एक नाव सांगायचं. परत आला की विचारायचं."

भाचीने डोक्याला हात लावला. "आई, तोवर दुसऱ्याने घेतलं म्हणजे? एकदा गेलं की गेलं." पोरीचं काही चुकत नव्हतं. 'सुखद पाऊल' खरंच आठवड्याभरात कोण्या पायमोजेवाल्याने घेतलं, आणि मी त्या न पाहिलेल्या माणसाला दोन दिवस शिव्या घातल्या. वहिनी हलली नाही. ती ऐकून सगळ्यांचं घेते आणि करते मनाचं.

माणसं परतू लागली. बस कंडक्टर आला. मी विचारलं, "काय नाव सांगितलं होतं आम्ही?" तो आढ्याकडे बघायला लागला. "काहीतरी इंग्रजी होतं बघा." तेवढ्यात गाण्याच्या बाईही आल्या. त्यांना आजोबांचं नाव दिलं होतं, त्यांनी भलत्याच माणसाचं सांगितलं. दादाचा चेहरा पडला. एकापाठोपाठ एक सगळी नावं आपटली. मी कंडक्टरवर उखडले. "अहो, एवढंसं लक्षात राहत नाही? मग लोकांना आमच्याकडे पाठवता तरी कसे?"

"त्यात काय? परवाच डेपोतल्या एकाला धाडलं. म्हटलं, त्या 'पाय दाखवा'कडे जा."

मी गाण्याच्या बाईंकडे पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. "आमच्याकडेही सगळे तेच म्हणतात," त्या म्हणाल्या. "दुकानाला दुसरं काही नाव लागतं, हेच मला आज कळतंय."

वहिनीच्या हातातली आरी थांबली. "कोण म्हणतं पाय दाखवा?"

"तुम्ही," आम्ही सगळे एका सुरात.

"मी? मी कधी म्हणते असं?" तिला खरोखर माहीत नव्हतं हो. जन्मभर जे वाक्य बोलत आली, ते तिने कधी ऐकलंच नव्हतं. दादा म्हणाला, "हे काय नाव झालं? लोक हसतील." भाची म्हणाली, "हसले की विसरणार नाहीत, बाबा." बोलता बोलता तिचं बोट फोनवर चालूच होतं. नाव मोकळं होतं. या वेळी तिने कोणाला काही विचारलं नाही, तिथल्या तिथे घेऊन टाकलं. वर म्हणाली, "आता घाला नाहीतर काढा, आपलं झालं." पोरगी माझ्यावर गेलीय, मला फार बरं वाटलं.

पण नाव घेतलं, भाचीने साइटवर नवा पत्ता नि जोड्यांचे फोटो चढवले, म्हणून लगेच माणसं धावत येत नाहीत. नव्या खोलीत गेलो आणि नुसती शांतता. टायरचा वास आणि आम्ही तिघं. वहिनी रोज साचे पुसायची. दादाची मतंसुद्धा बंद झाली, यावरून ओळखा. महिना सरला, दुसरा सरला, तिसराही सरत आला. सुपरवायझरने निरोप धाडला, सोमवारपर्यंत कळवा. वहिनी मला म्हणाली, "वन्सं, कारखान्यात डबा न्यावा लागेल ना?" मी पाठ फिरवून रिकामा गल्ला मोजायला घेतला. बोलले असते तर रडले असते, आणि मला रडणं शोभत नाही.

सोमवारी सकाळी गोदामाच्या वळणावर एक बाई दिसली, हातात फोन, कडेवर मुलगी. मुलगी कडेवर घेण्याच्या वयाची नव्हती. आमची ओळख ना पाळख, बाई दुसऱ्या गावाहून आलेली. मी विचारलं, "कोणी सांगितलं आमचं?"

"नाव नाही माहीत," ती म्हणाली. "बसमध्ये होते. पुढच्या बाकावरचा माणूस शेजाऱ्याला सांगत होता, माझ्या भावाला 'पाय दाखवा'ने चालतं केलं. मी विचारेपर्यंत तो उतरून गेला. तेवढे दोन शब्द घरी जाऊन फोनवर टाकले. तुमचा पत्ता आला, या जोड्यांचे फोटो आले." मग जरा थांबून म्हणाली, "हिचं माप कुठल्याच दुकानात मिळत नाही हो. शाळेत मोज्यांवर जाते."

वहिनीने पुढचं ऐकलंच नाही. ती केव्हाच जमिनीवर बसली होती, मुलीचं पाऊल मांडीवर, दोन्ही अंगठे तळव्याखाली. तिचा तसा चेहरा मी इतक्या दिवसांनी पाहिला. मुलगी आधी बिचकली, मग गुदगुल्या होतात म्हणाली.

आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला. सुपरवायझर. मी फोन वहिनीच्या कानाला लावला, तिचे हात मोकळे नव्हते. पलीकडून तो पगार, रजा, बसची सोय असं बरंच काही सांगत होता, मला ऐकू येत होतं. वहिनीने त्याला मध्येच थांबवलं. माझ्या वहिनीने आयुष्यात कोणाला मध्ये तोडलं नव्हतं.

"मला नाही जमणार, साहेब," ती म्हणाली. "माझ्याकडे गिऱ्हाईक बसलंय."

मी फोन ठेवला. दादा कोपऱ्यात उगाच नाक शिंकरत होता. वहिनी मान वर न करता म्हणाली, "वन्सं, उभ्या काय राहिलात? चामडं भिजत घाला."