साबणानं घासलेली बाटली

शाहूवाडीकडची एक संशोधक मुलगी होती, म्हणून मी आज कोल्हापुरात कामावर आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून वाटेल की ती माझ्या वाईटावर होती. मलाही तसंच वाटत होतं.

मी गोंदियाकडची, आठवीत शाळा सुटलेली. इथं नात्यातलं कुणी नाही. प्रयोगशाळेत काचसामान धुते, तेही ठेकेदाराकडून. प्रयोगशाळेच्या सरांनी ठेकेदाराला एक शब्द सांगितला की उद्या दुसरी बाई. तिथं मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र आहे. प्रथिनं एकटी काम करत नाहीत, दहा-वीस एकमेकांना बिलगून मोठा जुडगा करतात. तो न मोडता यंत्रात उडवायचा आणि त्याचं वजन काढायचं, असं मला त्या मुलीनंच सांगितलेलं. वयानं लहान, पण मी तिला ताई म्हणायचे. ती मला मावशी.

एका आठवड्यात पडद्यावर जुडग्याचा पत्ताच नाही. त्याच्या जागी फणीच्या दातांसारख्या रेघा, सारख्या अंतरावर. सर म्हणाले, "बाहेरचं काहीतरी शिरतंय." बघत होते यंत्राकडे, पण मला वाटलं माझ्याकडेच. तेव्हापासून ताई माझ्या मागे. मी धुतलेल्या बाटल्या उजेडात धरायची, हुंगायची. मी आले की तिचं आणि सरांचं बोलणं थांबायचं. एकदा तर तिनं माझ्या पिशवीकडे बघितलं. बाप्पा, म्हटलं, गोड बोलून ही माझा पत्ता कापणार.

आणि माझ्या मनात चोर होताच. बाटल्या शुद्ध पाण्यानं तीनदा खळबळायच्या, साबण लावायचा नाही, असं बजावलेलं. पण नुसतं पाणी फिरवलेलं भांडं आमच्याकडे फळीवर चढत नाही. आईनं तर ते परत मोरीत टाकलं असतं. म्हणून मी घरून पुडीत साबणाचा चुरा न्यायचे आणि कुणी नसताना घासायचे. वर समजायचे, की आपण जास्तच चांगलं काम करतोय.

शेवटी ताईनं बेसिनपाशी गाठलं. "मावशी, दोन बाटल्या धुवा. एक तुमच्या रीतीनं, एक माझ्या."

"माझी कोणती रीत जी?"

"आता लपवू नगासा की! हाताला लिंबाच्या साबणाचा वास येतोय, अख्ख्या मजल्याला कळतंय. खात न्हाय मी तुमास्नी."

धुतल्या. पुरावाच गोळा करतेय ही, दुसरं काय. तिच्या रीतीच्या बाटलीतलं पाणी यंत्रात गेलं, पडदा साफ. माझ्या बाटलीतलं गेलं आणि फणी उमटली.

"किती बी खळबळा, साबण काचंला धरून बसतोय मावशी. आपल्या डोळ्याला दिसत न्हाय, ह्येला दिसतोय."

तेवढ्यात सर आले. मी ओले हात ओढणीत लपवले. आता झालं.

ताई म्हणाली, "सर, चूक माझी हाय. साबण नको एवढंच सांगितलं, का नको ते न्हाय सांगितलं. आणि ह्यांच्याइतक्या निगुतीनं इथं धुतंय कोण? बाटल्या ह्यांच्याच हातात ऱ्हाऊ द्या."

सरांनी पडद्यावरची फणी बघितली. मग नव्या बाटल्या मागवून मावशींकडेच द्या, असं सांगून गेले.

तरी मला खरं वाटेना. हिचा ह्यात काय फायदा? महिनाभर वाट बघितली, आता काहीतरी मागेल, मग मागेल. तिनं मागितल्या त्या फक्त धुतलेल्या बाटल्या.

तिचं संशोधन अजून पुरं व्हायचंय. कधीतरी मोठ्या साहेबांच्या बैठकीत एखाद्या चुकीसाठी तिच्याकडेही कुणी बोट दाखवेल. त्या दिवशी मी दाराशी उभी राहणार नाही, आत जाऊन तिच्या बाजूनं बोलेन. आठवी शिकलेलीचं कोण ऐकतं म्हणा. पण बोलेन, ताई.