पाण्यातली पंगत

मी पक्षी मोजायला लागले तेव्हा माझी साठी उलटून गेली होती. त्याआधी मी मोजली ती जेवायला बसलेली माणसं. आमचे हे संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासनीस होते, त्यामुळे आमची तीस वर्षं तमिळ मुलखात, अंबत्तूरच्या बाजूला क्वार्टर्समध्ये गेली. तिथल्या मराठी घरांचं एक मंडळ होतं. गणपतीत मोठी जेवणावळ व्हायची आणि स्वयंपाकाचं सगळं माझ्याकडे. हॉलच्या दारात उभं राहून मी एक नजर फिरवायची आणि आत येऊन सांगायची, अजून एवढा भात टाका, वरण पुरेल. एका ओळीत केळीची पंचवीस पानं बसायची. त्यामुळे मी माणसं कधी एकेक मोजलीच नाहीत, ओळी मोजल्या. तीस वर्षांत अन्न कमी पडलं असं एकदाही झालं नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगायचं राहून गेलं.

हे निवृत्त झाले आणि आम्ही वेळच्चेरीच्या पुढे, पळ्ळिकरणैच्या पाणथळीला लागून तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पहिल्या दिवशी गच्चीवर गेले तर मागे नुसती दलदल. लांबवर कचऱ्याच्या डोंगराचा धूर, पलीकडे कंप्यूटरवाल्यांच्या काचेच्या इमारती, आणि मध्ये हिरवं, करडं, चमकणारं असं काहीतरी पसरलेलं, त्याला धड तळंही म्हणता येईना आणि रानही म्हणता येईना. ह्यांना म्हटलं, अहो, हे कुठे आणून टाकलंत मला. हे म्हणाले, वारा छान येतो. वारा येत होता खरा, पण कोणत्या दिशेनं येतोय यावर सगळं होतं.

मग ऑक्टोबर लागला, इकडचा पाऊस सुरू झाला, आणि एका सकाळी कपडे वाळत घालताना ऐकलं तर मागच्या बाजूनं बाजार भरल्यासारखा आवाज. कुजबुज, शिट्ट्या, मधूनच कुणीतरी खोकल्यासारखं. वाकून पाहिलं. पाणी काळं दिसत होतं ते पाणी नव्हतंच, बदकं होती. हिमालयापलीकडून येतात म्हणे ती. त्या दिवशी ह्यांच्या शर्टाला मी चिमटा लावलाच नाही. तो उडून खाली गेला आणि त्यावरून ऐकूनही घेतलं.

खालच्या मजल्यावर अक्का राहायच्या. त्या तंजावरकडच्या मराठी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं मराठी ऐकलं की जुनी पत्रं कुणी मोठ्यानं वाचतंय असं वाटायचं, आणि मधे मधे तमिळ. त्याच मला पहिल्यांदा बांधावर घेऊन गेल्या. कमरेइतकं पाणकणीस, त्यात जांभळी पाणकोंबडी लांब बोटांनी देठ धरून लहान मूल ऊस खातं तशी खात बसलेली. शेकाटे पक्षी काड्यांसारख्या गुलाबी पायांवर चालत होते. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी असा चालायचा की पान बुडत नसे. त्याची ती लांब शेपटी थंडीत नसते, ती उन्हाळ्यात येते, हे मला अक्कांनी सांगितलं.

आणि एक बदक. चोचीचं टोक पिवळंधमक आणि चोचीच्या मुळाशी, कपाळाखाली, दोन लालभडक ठिपके. मी म्हटलं, अक्का, ही तर हळदीकुंकू लावून आली. अक्का म्हणाल्या, "मग काय. तुमच्या देशीं हिला हळदी-कुंकूच म्हणतात, पुस्तकांत आहे." मला इतका आनंद झाला की मी तिला हात जोडले. त्या दिवसापासून बांध सोडवेना.

अक्कांच्या ओळखीची एक प्राध्यापिका होती, नुंगंबाक्कमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी. तिशीतली, तमिळ, पायात कायम चिखलाचे बूट. दर जानेवारीत ती इथल्या पक्ष्यांची मोजणी करायची. बांधाचे चार तुकडे, प्रत्येक तुकड्यावर एक मोजणारा, त्याच्या हातात एक कागद. त्या सुमारास सरकारनं पाणथळीचा थोडा भाग राखीव केला होता, आणि राखीव ठेवलंय तर आत कोण राहतंय ते कुणीतरी सांगायला हवं, असं तिचं म्हणणं.

पहिल्या वर्षी मी गेले ती उपम्याचा डबा आणि कॉफीचा थर्मास घेऊन. सगळ्यांनी उपम्याची तारीफ केली. ह्यांना कागद मिळाला. ह्यांनी कारखान्यातलं ते अंगठ्यानं दाबायचं मोजयंत्र खिशात घालून आणलं होतं, त्यामुळे प्राध्यापिका खूश. मी दिवसभर कपबश्या धरून उभी. घरी येऊन डबा घासताना मला चक्क रडू आलं. उपम्यासाठी नाही. मला दिसत होतं ना सगळं, अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि मला कुणी विचारलं नव्हतं, किती आहेत म्हणून.

पुढच्या वर्षी मी अक्कांना सांगितलं, मला मोजायचंय.

हे हसले. "अगं, ते मंडळाचं जेवण नाही. तिथे अंदाज चालत नाही. माझं आयुष्य गेलं मोजमापात, अंदाज म्हणजे नुसत्या गप्पा."

"आणि तुमचं ते टिकटिक?"

"ती टिकटिक सरकारी आहे."

मी अक्कांना म्हटलं, फॉर्म इंग्रजीत असतो, मी सातवीतून शाळा सोडलेली. अक्का म्हणाल्या, "वहिनी, कशास भितां? मोजणें काय इंग्रजींत होतें?" आणि त्यांनी प्राध्यापिकेला फोन लावला. ती सरळ बाई. ती म्हणाली, आंटींनी माझ्याबरोबर एक थवा मोजावा. जमलं तर त्यांना स्वतंत्र जागा देते, नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नये. म्हणजे परीक्षाच. मला रात्री जेवण गेलं नाही.

त्या वर्षी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आले होते. रस्त्यावरून जाणारे लोक मोटारसायकली थांबवून बघायचे. सकाळी सातला आम्ही चौघं बांधावर. धुकं नुकतं उठत होतं. पाण्यात गुलाबी-पांढरी रांग, मागे अजून एक, त्यामागे अजून. सगळ्यांच्या माना खाली, चोची पाण्यात उलट्या घातलेल्या, पाय जागच्या जागी नाचवत. कुणी डोकं वर काढत नव्हतं. मी ते पाहिलं आणि माझी सगळी भीती गेली. असं मन लावून जेवणारी माणसं मी तीस वर्षं पाहिली होती.

ह्यांची टिकटिक सुरू झाली. प्राध्यापिका दुर्बिणीतून बघत ओठ हलवत होती. मी दुर्बीण घेतली नाही. पहिली पंचवीस डोळ्यानं बसवली, कुठून कुठवर येतात ते पाहिलं, आणि तेवढाच तुकडा उचलून पुढे ठेवत गेले. शेवटाकडे ते दाटीनं उभे होते, तिथे ओळ आखूड धरली. एवढ्यात भोवत्या आला, तो शिकारी पक्षी लव्हाळ्यावरून अगदी खाली घिरट्या घालतो. एकदम सगळी बदकं उठली. डोक्यावरून आवाज गेला तो गव्हाची पोती ओतल्यासारखा. रोहितांनी नुसत्या माना वर केल्या आणि सगळे मिळून चार पावलं डावीकडे सरकले.

ह्यांचा अंगठा हवेत राहिला. "दोनशे साठ झाले होते. आता कुठला मोजला होता आणि कुठला नाही, कसं कळणार?"

प्राध्यापिका म्हणाली, तीनशेच्या आसपास. मग माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "सतरा पंगती. म्हणजे सव्वाचारशे."

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघा, आमच्याकडे भात नेहमी उरायचा." अक्कांनी त्यांच्याकडे गणितात नापास झालेल्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. प्राध्यापिका विचारात पडली. इतका फरक असला तर तिला कागदावर काही लिहिता येईना. तिनं कॅमेरा काढला. एका फोटोत सगळे मावत नव्हते म्हणून तीन काढले, डावीकडून उजवीकडे, आणि म्हणाली, मोठे छापून आणते. तोपर्यंत आंटींचा निकाल राहिला.

चार दिवस. त्या चार दिवसांत मी रोज गच्चीवर जाऊन ते रोहित पुन्हा मोजायचे आणि रोज ते वेगळ्या जागी उभे असायचे. ह्यांना बोलले नाही. म्हणजे चहा घ्या, आंघोळ करा, एवढं बोलले.

रविवारी अक्कांच्या जेवणाच्या टेबलावर ते तीन फोटो पसरले. फोटोंच्या कडा एकमेकांवर येत होत्या, काही पक्षी दोनदा दिसत होते. इथे आमच्या ह्यांनी कपाटातून स्टीलची पट्टी आणली, चष्मा पुसला, आणि लागून असलेल्या दोन फोटोंत तोच वाकड्या मानेचा रोहित शोधून तिथे रेघ मारली. "याच्या पलीकडचे दुसऱ्या फोटोत धरायचे." म्हटलं ना, तपासनीस. रेघ कुणाच्या बाजूनं जाईल याचा विचार नाही. रेघ बरोबर हवी. माझा राग तिथे निम्मा उतरला.

अक्का लाल पेनानं प्रत्येक पक्ष्यावर ठिपका देऊ लागल्या, पेपर तपासत असल्यासारख्या, दहा झाले की कडेला एक खूण. बोलायला बंदी होती. पंखा बंद, कारण फोटो उडत होते. आम्ही घामानं निथळत बसलेलो. शेवटी त्यांनी खुणा मोजल्या, परत मोजल्या, आणि पेनाचं टोपण लावलं.

"तीनशें शहाण्णव जाले."

ह्यांनी आकडा ऐकला. मग म्हणाले, "दोनशे साठ म्हणजे बराच कमी." एवढंच. पण तेव्हापासून ते मला चहा झाला का विचारण्याऐवजी करू का विचारायला लागले, हे मी लिहून ठेवते.

प्राध्यापिका खुर्ची ओढून माझ्याजवळ आली. "आंटी, तुम्हीच सगळ्यांत जवळ आहात. कसं मोजलंत ते मला दाखवा, मी मुलींना शिकवते."

मी फोटोवर बोट ठेवलं. ही पहिली पंगत, ही दुसरी. तिसरी इथे वाकते. असं करत करत शेवटाला आले. सोळा. परत सुरुवातीपासून गेले. सोळाच. बोट फोटोच्या कडेवर थांबलं आणि माझे कान गरम झाले, कारण सतरावी कुठून आली ते मला कळलं. मंडळात मी बसलेल्या पंगती मोजायची आणि आत जाऊन सांगताना नेहमी एक वाढवून सांगायची. उशिरा येणारे असतात, कुणाचा पाहुणा येतो, ड्रायव्हर बाहेर बसलेला असतो. इतकी वर्षं हे केलं की मी करते हेही मला ठाऊक नव्हतं.

गप्प बसले असते तर चाललं असतं. पहिली आलेच होते. पण ती बाई शिकवायला घेऊन जाणार होती, आणि माझ्या हातचं चुकीचं शिकवलं गेलं असतं.

"सोळाच आहेत," मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हटलं. "सतरावी मी वाढवली. अजून कुणी येईल म्हणून."

तिला नीट कळलं नाही. अक्कांनी तमिळमध्ये समजावून सांगितलं, आणि सांगताना त्यांनाच हसू आवरेना. प्राध्यापिका मात्र हसली नाही. तिनं कागदावर आकडेमोड केली. "सोळा म्हणजे चारशे. म्हणजे तुमची नजर चारच पक्ष्यांनी चुकली. पण आंटी, जे आलेले नाहीत त्यांना मोजायचं नाही."

"आणि ते आले तर?"

"मग आल्यावर मोजायचे."

"उपाशी तर नाही ना राहणार?"

आता तीही हसली. "तेवढी जागा आहे अजून इथे." मग तिनं पिशवीतून बांधाचा नकाशा काढला आणि तिसऱ्या तुकड्यावर, जिथे पाणी पुलाखालून जातं, माझं नाव लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, पण माझं नाव मला कुठल्याही लिपीत ओळखू येतं. मग म्हणाली, लिहायला एक माणूस लागेल. अक्का म्हणाल्या, "हे रिकामेच आहेत. सेरी? बरें ना?" ह्यांनी मान हलवली.

पुढच्या जानेवारीत आम्ही दोघं पुलाजवळ, ह्यांच्या गळ्यात पाटी आणि पेन बांधलेलं. रोहित त्या वर्षी कमी होते, पण तलवार बदकं इतकी की पाणी दिसेना. बदकं मोजणं म्हणजे ताप. ती बुडी मारतात, वर नुसत्या शेपट्या राहतात. मी शेपट्यांना धरून पंगती मांडल्या. पुलाखालून वारा येत होता, कोवळं ऊन होतं, आणि एक पाणकोंबडी आमच्या पायापाशी येऊन आमच्याकडे तुच्छतेनं बघून गेली.

"नऊ पंगती आणि वर अकरा," मी म्हटलं.

ह्यांचं पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. "कुणासाठी धरलीस का?"

"नाही हो."

"नक्की?"

लव्हाळ्याच्या मागून अजून चार-पाच बदकं पोहत येताना मला दिसत होती. पण ती अजून आली नव्हती. मी ती येईपर्यंत थांबले, आणि मग म्हटलं, "आता वरचे सोळा करा."