दुसरी बॅटरी आणि अखंड दिवा

देवीची कृपा झाली असं मला सगळे सांगतात. झालीही असेल. पण मी तिच्यावर अजून रागावलेलीच आहे, हे आधी सांगून टाकते. देवाच्या गोष्टीत खोटं बोलू नये.

माझे वडील शेवटचं वर्ष ऑक्सिजनच्या मशीनवर होते. मशीन विजेवर चालणारं, आणि आमची कुलदेवी घाटावरच्या रानात, जिथे विजेचा खांबही नाही. आमच्या कुळाचा रिवाज असा, की म्हातारपणी एकदा तरी देवीच्या दारी वस्ती करायची, एक रात्र तिच्या अंगणात काढायची. बाबांनी तोच हट्ट धरला होता. माझं मागणं वेगळं होतं. त्यांचा श्वास सुधारू दे, एवढंच मी तिला रोज म्हणत होते, आणि ती काही ऐकत नव्हती.

शाळेची मुलं नेणारी आमची जुनी व्हॅन दारात होती. तिच्या मागच्या सीट काढून पलंग टाकला आणि पनवेलच्या एका गॅरेजात पलंगाखाली दुसरी बॅटरी बसवून घेतली. गाडी सुरू करणारी बॅटरी वेगळी, ही वेगळी. चालत्या गाडीत ही भरायची आणि उभ्या गाडीत इन्व्हर्टरमधून मशीन चालवायची. मी तिथे उभी राहून पट्टे आवळून घेतले, फ्यूज बघून घेतला, घरी आणून रात्रभर मशीन चालवून पाहिलं आणि बॅटरी पुन्हा भरून ठेवली. मग बाबांनी नारळ फोडला, बॅटरीला हळदकुंकू लावलं आणि डॅशबोर्डवर देवीची तसबीर ठेवून तिच्यापुढे विजेचा छोटासा दिवा लावायला सांगितला. त्याची पिन इन्व्हर्टरला. "वस्ती होईपर्यंत हा मालवायचा नाही," म्हणाले.

दिवा एवढासा, पण त्याच्यापायी इन्व्हर्टर सतत चालू, आणि तो बसल्या जागी बॅटरी खातो. मी परोपरीनं सांगितलं. बाबांचं एकच, "देवीच्या दिव्यानं कधी कुणाचं सरलंय का?" त्यातच त्यांना ताप आला आणि निघणं लांबलं. गाडी दारात उभी, दिवा चालू. मी मालवला की घरातून खोकत खोकत हाक यायची. शेवटी ताप उतरला तसे ते थांबेनात. वाटेत भरेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण वाटेत इंजिनातून येत होतं तेवढं मशीनच घेत होतं.

देवळापाशी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. इंजिन बंद केलं आणि थोड्याच वेळात इन्व्हर्टर ओरडून गप्प झाला. मशीन बंद. देवीचा दिवाही बंद. घाईनं इंजिन सुरू केलं, तशी दोन्ही पुन्हा चालू झाली. पण रात्रभर इंजिन चालवायला डिझेल नव्हतं, आणि जवळचा ऑक्सिजनचा लहान सिलिंडर रात्रभर पुरणारा नव्हता. परत फिरणं भाग होतं. बाबा पोरासारखे रडायला लागले. मी गाडीतून उतरले आणि गाभाऱ्यासमोर उभी राहून देवीला वाट्टेल ते बोलले. तुझ्याच दिव्यानं त्यांचं सगळं खाल्लं, आता बस उजेडात, असं म्हणाले.

मागे एक टेम्पो येऊन थांबला होता. उरणकडची, मोरा बंदरातली कोळी माणसं देवीचा जागर घालायला आली होती. होडीचं इंजिन भर समुद्रात बिघडलं म्हणून त्यांचं कालचं येणं आज झालं होतं. त्यांच्यातल्या एका पोक्त बाईनं माझं बोलणं ऐकलं असणार. जवळ येऊन म्हणाली, "काय झाला गो बाय?" मी सांगितलं. तिनं गाडीत डोकावून बाबांकडे बघितलं आणि आपल्या माणसांना हाक मारली, "रे, जनरेटर हिकरं आना. वायर लांब सोरा, धूर नाय आला पायजे."

"मग तुमच्या जागराची लायटिंग? माइक?" मी विचारलं.

"आय बसंल अंधारात. तिला काय दम लागतंय?"

बाबांनी ते ऐकलं. पलंगावरून कष्टानं उठले, मला आधाराला घेतलं, आणि डॅशबोर्डवरचा दिवा स्वतःच्या हातानं मालवला.

त्यांची वस्ती झाली. कोळणींनी विनामाइकची गाणी म्हटली आणि बाबा ती ऐकत झोपले. सकाळी मी त्या बाईच्या पाया पडले, तर ती ओरडली, "मना कशाला? आत जा." आत जाऊन मी हात जोडले, पण माफी मागितली नाही.

पुढे थोड्याच दिवसांत बाबा घरीच गेले. वीज होती, मशीन चालू होतं, भरलेली बॅटरी दारातल्या गाडीत होती. मी जमवलेलं सगळं जागच्या जागी होतं आणि त्यातलं काहीही कामाला आलं नाही. नातेवाईक म्हणाले, ती कोळीण म्हणजे देवीच. मला ते पटत नाही. देवी असती तर मी तिला सोडलं नसतं, एवढं मला तिला विचारायचं होतं. ती बाई होती, आणि तिनं स्वतःच्या देवीचा उजेड काढून माझ्या बापाला श्वास दिला. मी मागितलं ते मिळालं नाही. त्यांनी मागितलं ते मिळालं. माझ्या वाट्याला एवढंच समजणं आलं आणि ते कडू आहे, तरी त्या रात्रीसाठी मी देवीची ऋणी आहे.

संध्याकाळी मी अजूनही देवीपुढे तेलाचं निरांजन लावते. वाऱ्यानं ज्योत हलली की पूर्वी मी धावत जाऊन हात आडवा धरायची. आता बसल्या जागेवरून बघते. जाते ती कधीकधी. जाऊ देते.