पण हरवलंस कोणाला?

नातीने गळ्यातलं पदक काढून माझ्या मांडीवर टाकलं, तेव्हा सुनेने निरांजन लावून तबक तयार ठेवलं होतं. आमच्या घरी कोणी काही मिळवून आलं की मी ओवाळते. नात पाटावर बसलीसुद्धा. शहराच्या बॉक्सिंग स्पर्धेत, मुलींच्या सगळ्यात जड गटात ती पहिली आली होती.

मी तबक उचललं आणि विचारलं, "हरवलंस कोणाला?"

"म्हणजे?"

"समोर कोण होतं?"

ती चाचरली. जड गटात मुली येतात किती? एक आलीच नाही. दुसरी मूळची गोळाफेकवाली. गट भरावा म्हणून तिच्या सरांनी आठवडाभर आधी तिच्या हातांत मोजे चढवले होते. दोन ठोसे खाल्ल्यावर ती आपणहून कोपऱ्यात जाऊन बसली.

मी तबक देवापुढे ठेवून दिलं.

"आई, लेकरू आहे हो ते," सून म्हणाली.

"लेकरू म्हणून बसली असती तर ओवाळलं असतं. विजेती म्हणून बसलीय."

ही खोड मला मुलामुळे लागली. रविवारी सकाळी तो टीव्हीवर जगातल्या जड गटाच्या लढती बघतो आणि मी शेजारी गवारीच्या शेंगा मोडत बसते. पहिल्यांदा दोन उघडी माणसं एकमेकांना मारताना बघवायचं नाही. मग बघवायला लागलं, मग मजा यायला लागली. मुलगा जगज्जेत्याकडे बघतो, मी त्याला आव्हान द्यायला आलेल्याकडे बघते. लग्नाच्या स्थळाची करतात तशी मी त्याची चौकशी करते. वय काय? मागची लढत कधी झाली? ज्यांना हरवून इथवर आला, ते कोण होते?

एकाचा म्हणे एकही पराभव नव्हता. मुलगा खुश. मी म्हटलं, याने पाडलेल्यांची माहिती काढ. मुलाने फोनवर बघितलं आणि फोन उलटा ठेवला. ते सगळे पडण्यासाठीच बोलावलेले होते. दुसरा एक जण रिंगणात येऊन छताच्या दिव्यांकडेच बघत राहिला, पंगत कधी बसणार याची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखा. तो माझी मूठभर गवार मोडून व्हायच्या आत आडवा झाला. पण एक टकला आला होता, पोट सुटलेला. त्याला कोणी विचारत नव्हतं. पहिला जबर ठोसा बसल्यावर तो मागे गेला नाही, पुढे आला. शेवटी हरला. पण जगज्जेत्याचा एक डोळा मिटला होता. त्या दिवशी मी मुलाला म्हटलं, "आज जिंकला तुझा माणूस."

नातीला हे सगळं माहीत. म्हणून तिला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली.

"आजी, तू चौथीत पहिली आली होतीस ना? सारखं सांगतेस."

"आले होते."

"वर्गात मुली किती होत्या?"

"तिघी."

"आणि?"

"एकीला गोवर आला होता."

स्वयंपाकघरात सून हसली ते मला ऐकू आलं.

"मला तरी कुठे कोणी ओवाळलं?" मी म्हटलं.

"बरं. समोर चांगली कोणी आली आणि तिला हरवलं, तर ओवाळशील?"

"ओवाळीन."

"पण कोणी येतच नाही. मी काय करू?"

यात तिचा दोष नव्हता. आमच्या चिक्कडपल्लीतल्या मायलेकी वजन कमी करायला धावतात, वजन घेऊन लढायला कोण जातं? माझ्या नातीच्या दंडाला बसेल असा तयार ब्लाउज सुलतान बाजारात मिळत नाही. तिच्या तोडीची कुठून मिळणार?

मागच्या गल्लीत म्हशींचा गोठा आहे. तिथली गवळण सकाळी दूध घालते. तिची मुलगी मी पाहिली होती. दिवाळीनंतर सदरच्या सणाला गवळी लोक रेडे सजवून रस्त्यात नाचवतात. त्यातला एक उधळला तेव्हा बापे दुकानांत शिरले आणि ही पोरगी दोर धरून उभी राहिली. रेड्याने तिला पाडलं. ती उठली आणि पुन्हा दोराकडेच गेली.

मी गवळणीला म्हटलं, "तेरी बेटी कू बॉक्सिंग सिखा."

"कैकू अम्मा? किसकू मारना है?"

"मेरी पोती कू."

गवळणीचं माप पातेल्यावर तसंच राहिलं. "झगडा हुआ क्या घर में?"

"नै. लाड है."

काही महिन्यांनी नात जेवताना म्हणाली, "क्लबमध्ये नवीन मुलगी आलीय. हात आहे की दगड! आणि पडली की हसते."

"असं? भात घे."

मग एक दिवस ती दारातूनच ओरडत आली. "तिला तू पाठवलंस?"

"दूध चांगलं असतं त्यांचं," मी म्हटलं.

ती माझ्याशी बोलायची बंद झाली. पण सकाळचं पळणं चुकवायचीही बंद झाली.

पुढच्या स्पर्धेत दोघी समोरासमोर आल्या. सुनेने डोळे घट्ट मिटले होते आणि ती मला सारखी विचारत होती, "काय झालं?" माझ्या दुसऱ्या बाजूला गवळण शिट्ट्या मारत होती. मी सवयीने नातीच्या समोरचीकडेच बघत होते. नातीचा पहिला जोराचा ठोसा बसला. गवळ्याची पोरगी पुढे आली.

"काय झालं?" सून म्हणाली.

"चांगली आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या फेरीत तिने नातीला दोरांवर नेऊन ठोकलं. गवळण खुर्चीवर चढली. सुनेने माझा हात इतका दाबला की माझी बांगडी वाकली. तिसऱ्या फेरीत माझ्या नातीचे पाय जड झाले होते. आता ही मागे सरणार, असं मला वाटलं. मी पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. ती मागे सरली नाही.

पंचांनी नातीचा हात वर केला. फरक इतका थोडा होता की गवळण त्यांच्याशी तेलुगूत भांडायला गेली. खरं सांगायचं तर तिचं अगदीच चुकत नव्हतं.

घरी पाट मांडला. डोक्याला संरक्षण असूनही भुवईवर टेंगूळ आलं होतं. कुंकवाला जागा शोधावी लागली.

"आता विचारू नका हं, कोणाला हरवलंस म्हणून," सून म्हणाली.

"कशाला विचारू? मी होते की तिथे."

"आजी, लवकर ओवाळ, दुखतंय," नात म्हणाली. मी सावकाश ओवाळलं.

सकाळी गवळण आली. दूध नेहमीपेक्षा पातळ होतं.

"बेटी रोती क्या?" मी विचारलं.

"रोती किधर अम्मा? हंसती. पाच बजे से दौड रई. बोलती, अगला कब है?"

नात आत कपाळावर बर्फ धरून पडली होती. ते ऐकून तिने बर्फ सुनेच्या हातात दिला आणि पलंगाखाली वाकून बूट शोधायला लागली.